सीबीटीचा खरंच उपयोग होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत राहते, दादरला एका सहकारी बँकेत नोकरी करते. काही वर्षांपूर्वी पॅनिक डिसऑर्डरसाठी (अचानक येणारे घबराटीचे झटके) सीबीटी घेतली. ते ऑफिसात आणि नातेवाइकांत कळल्यापासून माझ्याकडे चौकशीचे फोन येऊ लागले, बहुतेक रात्री जेवणं उरकल्यावर आणि दबक्या आवाजात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्टही नाही. स्वतः भोगलेलं, जवळच्या माणसांचं पाहिलेलं आणि त्या निमित्ताने वाचलेलं, एवढंच इथे आहे.

सीबीटी म्हणजे नक्की काय?

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. बोलण्यातून आणि करण्यातून होणारा मानसोपचार. डोक्यात येणारा विचार, त्यामुळे दाटून येणारी भावना, शरीरात होणारी गडबड आणि त्यावर आपण जे काही करतो (किंवा करायचं टाळतो) ते, या चार गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असतात. त्यातल्या विचाराला आणि कृतीला हात घालायचा, असा सगळा खटाटोप. मुदत ठरलेली असते: साधारण १२ ते २० सेशन, आठवड्याला एक, पाऊण तास ते तासभर. लहानपणाबद्दल बोलणं होतं, पण मुक्काम आजच्या अडचणीवर. आणि प्रत्येक सेशनच्या शेवटी गृहपाठ मिळतो. शाळेसारखाच, आणि तितकाच टाळावासा वाटणारा.

हे परदेशी खूळ आहे का?

जन्म परदेशातला, हे खरं. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आणि फिलाडेल्फियात अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात आपापल्या पद्धती उभ्या केल्या. दोघंही आधी मनोविश्लेषणवाले, म्हणजे दडलेलं मन आणि लहानपण उकरणाऱ्या परंपरेतले. बेक यांना आढळलं की नैराश्याचे रुग्ण बोलत असताना त्यांच्या डोक्यात एक दुसरीच पट्टी चालू असते, 'मी कंटाळवाणी आहे', 'यांना माझा वैताग आला असणार', आणि त्याबद्दल कुणी त्यांना विचारलेलंच नसतं. बेक २०२१ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

पण महाराष्ट्राला हे नवीन नाही. एलिस यांची पद्धत आपल्याकडे 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने ओळखली जाते. कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने ती व्याख्यानं, शिबिरं, अभ्यासक्रम यांतून घराघरात नेली. एलिस आणि बेक यांच्या पद्धतींत फरक आहेत, पण रुग्णाच्या खुर्चीत बसून पाहिलं तर त्या सख्ख्या बहिणी वाटतात.

तुम्हाला ती कशासाठी घ्यावी लागली?

लोकलसाठी. कारण नसताना छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशात आवळल्यासारखं, आणि 'आता आपण मरतो' अशी खात्री. हे पहिल्यांदा लोकलमध्ये झालं आणि मग लोकल म्हटली की व्हायला लागलं. आधी फॅमिली डॉक्टर, मग ईसीजी, मग टू-डी एको, मग थायरॉइड. सगळे रिपोर्ट नॉर्मल. 'अॅसिडिटी असेल', 'टेन्शन घेऊ नका', 'गॅसेस वर चढत असतील'. मधल्या काळात मी फास्ट सोडून स्लो लोकल धरली, मग दाराजवळ उभी राहायला लागले, मग पर्समध्ये पाण्याची बाटली आणि कुणी न सांगता आणलेली सॉर्बिट्रेट या हृदयविकाराच्या गोळ्यांची पट्टी, मग दर दोन स्टेशनांवर उतरून पुढची गाडी. शेवटी रजा संपल्या.

तपासण्या फुकट गेल्या असं मात्र म्हणणार नाही. धडधड थायरॉइड वाढल्यानेही होते, रक्त कमी असल्यानेही होते, हृदयाच्या ठोक्यांतल्या दोषानेही होते. आधी ते बघून घ्यायलाच हवं. फक्त एकदा बघून झालं की चौथ्या डॉक्टरकडे पुन्हा तोच ईसीजी काढायला जाऊ नये.

पहिल्या सेशनला काय होतं? सगळं सांगावं लागतं का?

नाही. पहिल्या दिवशी प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची, आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची, ० ते २१ची. पुढे अधूनमधून पुन्हा भरून घेतात, म्हणजे 'जरा बरं वाटतंय' याला काही मोजमाप राहतं. मग अडचण कधी, कुठे, किती वेळा येते ते विचारतात आणि काय साधायचंय ते ठरवतात. मी म्हटलं, 'मला भीती वाटायला नको.' थेरपिस्टबाईंनी ते वहीत लिहिलंच नाही. म्हणाल्या, 'भीती वाटली तरी फास्ट लोकलने दादरला जायचं, हे चालेल का?' तेव्हा मला ते किरकोळ वाटलं होतं.

विचारांची वही म्हणजे काय लिहायचं?

माझं एक पान जसंच्या तसं देते.

प्रसंग: सकाळची गाडी, दिवा स्टेशनच्या पुढे सिग्नलला थांबली. पंखा बंद.
विचार: श्वास अडकणार. मी इथेच कोसळणार. बायका चेन ओढतील, तमाशा होईल.
या विचारावर विश्वास: ९० टक्के.
शरीर: धडधड, मुंग्या, घाम, पाय गेल्यासारखे.
विचाराच्या बाजूने पुरावा: आत्ता हे सगळं होतंय ना!
विरुद्ध पुरावा: असं आधी कितीतरी वेळा झालं, एकदाही कोसळले नाही. एको नॉर्मल. चक्कर येऊन पडायला रक्तदाब खाली यावा लागतो, घबराटीत तो वर जातो. शेजारची बाई माझ्याकडे बघत नाहीये, ती भाजी निवडतेय.
आता विश्वास: ६० टक्के.

वहीने माझं काम बहुधा इतपतच केलं. ९० वरून ६० वर. ६० टक्के खात्री असलेलं मरण घेऊन गाडीत बसणं काही सोपं नसतं. उरलेलं काम दुसऱ्याच गोष्टीने केलं, तिच्याबद्दल पुढे.

वही मराठीतच लिहा, एवढं नक्की सांगेन. मी सुरुवातीला इंग्रजी फॉर्म भरत होते आणि ते पान कुण्या दुसऱ्याच शहाण्या बाईचं वाटायचं. 'तमाशा होईल' हे लिहिलं तेव्हा कळलं की मला मरणापेक्षा चारचौघांत शोभा होण्याची जास्त भीती आहे.

म्हणजे शेवटी पॉझिटिव्ह थिंकिंगच ना?

नाही. पॉझिटिव्ह थिंकिंगवाला म्हणतो, 'काही होणार नाही, चांगलं बोला.' सीबीटीवाला विचारतो, 'काय होईल असं वाटतंय? चला, बघू या होतं का.' पहिल्याने मला कधी फरक पडला नाही. घरी सगळे तेच म्हणत होते.

'बघू या होतं का' म्हणजे काय करतात?

हा माझ्या मते सीबीटीचा गाभा आहे, आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेला भाग. त्यामुळे जरा सविस्तर.

एका सेशनला बाईंनी मला जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावले, मिनिटभर. त्याही घेत होत्या. अर्ध्या मिनिटात हाताला मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, छातीत धडधड. हुबेहूब तोच अटॅक, पण ठाण्यातल्या एका एसी खोलीत, खुर्चीत बसून, मी स्वतः आणलेला. भराभर श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर ही त्याची फळं, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. मग घरी गृहपाठ: जागेवर धावायचं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, खुर्चीत गोल फिरायचं. सासूबाईंना वाटलं व्यायाम चाललाय. (हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा गरोदर असाल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.)

यामागची मांडणी ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये केली: शरीरात साधी काहीतरी हालचाल होते, आपण तिचा भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हाच पुरावा ठरतो.

मग लोकलची शिडी. सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लिहायच्या आणि एकेक चढायची. तळाला होतं, डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाड्या नुसत्या जाऊ देणं. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने पुढचं कोपर स्टेशन. मग स्लोने ठाणे, नवरा बरोबर. मग एकटी. मग पाण्याच्या बाटलीशिवाय. ही बाटली सोडणं मला गाडीत चढण्यापेक्षा जड गेलं, कारण इतके दिवस मनात हिशोब हाच होता की बाटलीमुळे वाचले. दाराजवळची जागा सोडून आत, सीटच्या मधल्या जागेत शिरणं ही आणखी एक पायरी. आणि सगळ्यात वर, सकाळच्या गर्दीची फास्ट. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा सव्वा किलोमीटरच्या आसपास, दोनेक मिनिटांचा मामला, पण आत गाडी थांबली तर? नियम एकच होता: घाबरून मध्ये उतरायचं नाही, आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणत वेळ काढायचा नाही. भीती येऊ द्यायची, वर चढू द्यायची, आणि बघायचं.

ती चढते, टोकाला जाते आणि आपण काहीही न करता उतरते. हे वाक्य मी शंभरदा वाचलं होतं. मुंब्र्याच्या डोंगराखाली, कुणाची तरी कोपरं बरगडीत रुतलेली असताना ते झालेलं पाहिलं, तेव्हा विश्वास बसला. ६० टक्क्यांचे १० तिथे झाले, वहीत नाही.

मग सगळ्यांनाच याचा उपयोग होतो का? आकडे काय सांगतात?

मला झाला, यावरून तुम्हाला होईल हे सिद्ध होत नाही. मला बरं वाटलं ते थेरपीने, बाईंच्या आपुलकीने की नुसत्या काळाने, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. म्हणून थोडे आकडे, जे मला प्रामाणिक वाटले.

ब्रिटनमध्ये ४६९ नैराश्यग्रस्तांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नव्हता. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सीबीटी दिली. सहा महिन्यांनी सीबीटीवाल्यांपैकी ४६ टक्क्यांची लक्षणं निम्म्याने तरी कमी झाली होती, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २२ टक्क्यांची. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि हेही बघा की सीबीटी घेऊनही निम्म्याहून अधिकांना तेवढा फरक पडला नाही. जो कुणी शंभर टक्के गॅरंटी देतो, त्याच्याकडे जाऊ नका.

दुसरा अभ्यास आपल्या अंगणातला. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर केला, २०१७च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथले समुपदेशक मोठ्या डिग्रीवाले नव्हते. स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं होतं, आणि सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी ज्यांना या बैठका मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांतले ३९ टक्के. या बैठकांत विचारांची चिरफाड फारशी नव्हतीच. भर होता तो माणसाला पुन्हा कामाला, भेटीगाठींना, त्याला आवडणाऱ्या आणि महत्त्वाच्या गोष्टींना लावण्यावर, मन लागत नसलं तरी. वॉशिंग्टन विद्यापीठात नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये असंच पाहिलं होतं: नैराश्यात सीबीटीचा नुसता कृतीचा भाग दिला, तरी पूर्ण सीबीटीइतकाच गुण आला.

म्हणूनच कुणी 'थेरपिस्टशी बोलून खूप हलकं वाटतं' असं सांगितलं की मी विचारते, 'आणि आठवडाभर काय केलंस?' लोकांना हा प्रश्न आवडत नाही.

कुणाला उपयोग होत नाही?

ज्याच्या त्रासाचं कारण खरोखर बाहेर आहे, त्याला नुसतं 'विचार तपासा' म्हणणं हा अन्याय आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईचा नवरा दारू पिऊन मारायचा. तिला एका समुपदेशकाने 'तुमचा दृष्टिकोन बदलून बघा' असं सांगितलं. तिचा विचार चुकीचा नव्हताच. तिला वकील, पोलीस आणि माहेरची खोली हवी होती. कर्ज, नोकरी गेलेली, जातीवरून होणारा छळ, इथेही तेच. चांगला थेरपिस्ट अशा वेळी अडचण सोडवायला मदत करतो, तुमचं डोकं दुरुस्त करत बसत नाही.

भ्रम होत असतील, कानात आवाज येत असतील, किंवा मन इतकं उंच उडालंय की झोपच लागत नाही, तर आधी सायकायट्रिस्ट आणि औषध. नैराश्य इतकं खोल असेल की माणूस अंथरुणातून उठत नाही, तर वही-पेन घेऊन बसवण्यात अर्थ नाही, निदान सुरुवातीला तरी.

आणि जे गृहपाठ करत नाहीत त्यांना. ऑफिसातला एक सहकारी दोन-तीन सेशननंतर 'काही दम नाही' म्हणून सोडून आला. काय करायला सांगितलं होतं विचारलं, तर वही गाडीच्या डिकीत होती.

ओसीडीसाठी (तीच शंका पुन्हा पुन्हा येऊन हात धुण्यासारखी कृती केल्याशिवाय राहवत नाही, तो आजार) चालते का?

चालते, पण वेगळ्या धर्तीची. ज्याची किळस किंवा भीती वाटते त्याला हात लावायचा आणि मग हात धुवायचे नाहीत. वाचायला एक ओळ, करायला मरणप्राय. माझा नाशिकचा आतेभाऊ यातून गेला. त्याच्यापेक्षा जास्त गृहपाठ आत्याला होता: 'आई, हात स्वच्छ आहेत ना?' याला 'हो रे राजा' असं उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडे सगळं घर त्या आजारात सामील झालेलं असतं, दारं वेगळी उघडतं, कपडे वेगळे वाळत घालतं. थेरपिस्टने घरच्यांना बोलावलंच नाही तर खटकलं पाहिजे.

निद्रानाशासाठी?

हो, आणि इथे तर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटीच असावा, गोळी नंतर. पद्धत उलटी वाटते. माझी नणंद रात्री दहाला आडवी होऊन पहाटेपर्यंत तळमळायची. तिला सांगितलं, साडेबाराच्या आधी पलंगावर जायचं नाही, सहाला उठायचं म्हणजे उठायचं, दुपारची वामकुक्षी बंद, आणि झोप येत नसेल तर उठून बाहेर खुर्चीत बसायचं. पहिले काही दिवस ती सगळ्यांवर खेकसत होती. नंतर झोप सलग झाली, तशी वेळ हळूहळू वाढवत नेली. (गाडी चालवणारे, फिट्सचे रुग्ण यांनी हे आपल्या मनाने करू नये.)

गोळ्या की थेरपी?

हे भांडण रुग्णांनी लढू नये. सौम्य आणि मध्यम त्रासात एकट्या थेरपीनेही भागतं, तीव्र असेल तर बहुधा दोन्ही लागतं. मला सायकायट्रिस्टनी गोळी दिली होती आणि ती घेतल्यामुळेच मी प्लॅटफॉर्मपर्यंत पोचू शकले, असं मला वाटतं.

थेरपीची एक जमेची बाजू मात्र आहे. मध्यम ते तीव्र नैराश्यावरच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बरं झालेल्या लोकांना पुढे वर्षभर पाहिलं. ज्यांच्या गोळ्या बंद केल्या त्यांच्यापैकी साधारण ७६ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आलं. सीबीटी घेऊन थांबलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना. याचा अर्थ उद्यापासून गोळी बंद असा कृपया काढू नका. ती डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू कमी करायची असते. आणि 'घबराट आली की अर्धी घ्या' अशी झोपेच्या जातीची गोळी कुणी महिनोन्महिने देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. तिची सवय लागते, आणि शिडीच्या कामात तीच पर्समधली बाटली होऊन बसते.

थेरपी चालू असताना आणखी वाईट वाटायला लागलं. सोडू का?

लगेच नको. फ्रोझन शोल्डरला फिजिओथेरपीवाला हात वर उचलायला लावतो तेव्हा दुखतंच, तसं हे. टाळलेल्या गोष्टींसमोर उभं राहिलं की पहिले काही आठवडे भीती जास्त जाणवते. पण हे थेरपिस्टला सांगा. पायरी फार उंच असेल तर मधली एक घालता येते. चार-सहा सेशन होऊनही प्रश्नावलीचे गुण जागचे हलले नाहीत, तर 'आपण काही वेगळं करून पाहू या का?' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्यावर थेरपिस्ट दुखावला तर माणूस बदला.

थेरपिस्ट कसा शोधावा?

आपल्याकडे 'कौन्सेलर' अशी पाटी कुणीही लावतो, हे आधी लक्षात घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा, कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये पडताळता येतो. सायकायट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो, सायकॉलॉजिस्ट नाही. फोनवर एवढं विचारा: सीबीटीचं शिक्षण कुठे घेतलं, माझ्यासारख्या त्रासाचे रुग्ण पाहिलेत का, गृहपाठ देता का. पॅनिक किंवा ओसीडीसाठी जात असाल आणि समोरची व्यक्ती टाळलेल्या गोष्टी करायला लावण्याबद्दल काहीच बोलत नसेल, तर ती सीबीटी नव्हे, गप्पा आहेत. गप्पांनाही किंमत असते, पण मग तशीच फी असावी.

पत्रिका बघणारा, चक्रं उघडणारा किंवा 'तुमच्या संस्कारांत दोष आहे' म्हणणारा थेरपिस्ट भेटला तर नमस्कार करून निघावं.

खर्च किती येतो? विमा मिळतो का?

मुंबई-पुण्यात खासगी सेशन बहुधा हजार-दोन हजारांच्या घरात जातं, नावाजलेल्यांकडे त्याहून पुष्कळ जास्त. काहीजण फी कमी करतात, पण विचारावं लागतं आणि आपल्याला ते विचारायची लाज वाटते. मी विचारलं, कमी झाली. महिन्याला चार सेशन परवडत नसतील तर पंधरा दिवसांतून एक घ्या आणि मध्ये गृहपाठ दुप्पट करा. चालतं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायला हवं. प्रत्यक्षात पॉलिसी बहुतेकदा दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च देते आणि थेरपी ही ओपीडीत मोडते. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते वाचा.

सरकारी पर्याय: जिल्हा रुग्णालयांतली मानसोपचार ओपीडी, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. केसपेपर काढून डॉक्टर आणि औषधं जवळपास फुकट मिळतात. गर्दीमुळे दर आठवड्याला तासभर बसवून सीबीटी मिळेलच असं नाही, पण निदान तरी नीट होतं. 'तिकडे गेल्यावर लोक काय म्हणतील' हाही वहीत लिहायचा विचार आहे.

ऑनलाइन चालतं का?

चालतं. गावात कुणी नसेल किंवा परदेशात राहून मराठीत बोलायचं असेल तर उत्तमच. अडचण एकांताची. वन रूम किचनमध्ये सासरे हॉलमध्ये बातम्या बघत असताना कसलं सेशन होणार? एकजण पार्किंगमध्ये गाडीत बसून घ्यायची. त्यात वावगं काही नाही.

अॅप, पुस्तक, एआय चॅटबॉट यांच्यावर भागेल का?

सौम्य त्रासाला, शिस्त असेल तर, काही प्रमाणात. चॅटबॉटबद्दल एक इशारा. आजारांची धास्ती किंवा ओसीडी असलेल्या माणसाला 'मला काही झालेलं नाही ना?' हे पुन्हा पुन्हा विचारायची ओढ असते. आत्या थकत होती, चॅटबॉट थकत नाही. रात्री तीन वाजताही तो समजूत घालतो, आणि नेमकी तीच समजूत आजाराला पोसते.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर यांतलं काहीच नको. जवळच्या माणसाला सांगा, दवाखाना गाठा, किंवा १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

घरच्यांना सांगावं का?

ज्यांची मदत लागणार आहे त्यांना सांगा, बाकीच्यांना सांगायची सक्ती नाही. मी नवऱ्याला सांगितलं आणि सासूबाईंना बरेच दिवस 'पाठीच्या व्यायामाला जाते' म्हणून सांगत होते. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, 'मला पण एसटीत असंच व्हायचं, म्हणून मी माहेरी जाणं सोडलं.'

पुन्हा झालं तर?

होतं. बाळंतपणानंतर, आजारपणात, जागरणं झाली की डोकं वर काढतं. शेवटच्या एक-दोन सेशनमध्ये त्याचीच तयारी करून घेतात: कोणती चिन्हं आधी दिसतात, पहिली पायरी कोणती, कधी परत यायचं. माझं पहिलं चिन्ह म्हणजे मी पुन्हा दाराजवळ उभी राहायला लागते. ते लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी मुद्दाम आत शिरते. महामारीनंतर लोकल पुन्हा सुरू झाल्या तेव्हा शिडी खालून चढावी लागली, पण या वेळी पायऱ्या माहीत होत्या आणि बाईंकडे फक्त एक चक्कर झाली.

पहिला फोन करताना काय बोलायचं तेच सुचत नाही.

एवढं पुरे: 'मला अमुक इतक्या दिवसांपासून असा असा त्रास होतोय, त्यामुळे मला हे हे करता येत नाही. तुम्ही सीबीटी करता का, फी किती आणि वेळ कधी मिळेल?' फोनवर याहून जास्त सांगायची गरज नसते. बोलायला जमणार नसेल तर हेच मेसेजमध्ये पाठवा. पहिल्याने उत्तर नाही दिलं तर दुसऱ्याला पाठवा. यादीत तीन नावं ठेवा, कारण चांगल्यांकडे वेटिंग असतं.